उत्तर कोणत्या पत्त्यावर यायचं?

पाच टिंबं. सिस्कोच्या राउटरवर पिंग फसलं की पडद्यावर एवढंच उमटतं. राउटर शंभर-शंभर बाइटची पाच पॅकेट पाठवतो आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी दोन सेकंद थांबतो. उत्तर आलं तर उद्गारचिन्ह, नाही आलं तर टिंब. पाच टिंबं पडायला दहा सेकंद लागतात आणि मग खाली ओळ येते: यशाचं प्रमाण शून्य टक्के. बहुतेकांचे हात याच क्षणी कीबोर्डकडे धावतात. कुणी नॅटच्या ओळी पुसून पुन्हा लिहितं, कुणी इंटरफेस बंद करून चालू करतं, कुणी सरळ राउटर रीलोड करतं.

आज हात मांडीवर ठेवा. त्या दहा सेकंदांत काय काय घडलं ते आपण एकेका राउटरपाशी थांबत, मनाने बघणार आहोत. घाई नाही. वाचताना कुठे अडखळलात तर तिथेच थोडं बसा.

आधी मांडणी डोळ्यांसमोर आणू. सीसीएनएचा अभ्यास करणारी मुलं पॅकेट ट्रेसरवर किंवा जीएनएस-थ्रीवर जोडतात तशी ती आहे. तीन राउटर एका ओळीत: आर-१, आर-२, आर-३. आर-१च्या मागे कार्यालयाचं लॅन, १९२.१६८.१०.०चं, आणि त्यात एक संगणक, १९२.१६८.१०.२५. आर-१ आणि आर-२ यांच्यामधल्या जोडणीवर आर-१चा पत्ता १०.१.१२.१, आर-२चा १०.१.१२.२. आर-२ सीमेवर बसला आहे. पत्ते बदलण्याचं, म्हणजे नॅटचं, काम त्याच्याकडे. त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता २०३.०.११३.२. त्याच्यासमोर सेवादात्याचा आर-३, पत्ता २०३.०.११३.१. आणि आर-३च्याही पलीकडे वेळ सांगणारा एक सर्व्हर, १९८.५१.१००.१०. (२०३.०.११३ आणि १९८.५१.१०० हे दोन्ही गट केवळ पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे इथे ते वापरताना कुणाच्या खऱ्या पत्त्याला धक्का लागत नाही.)

आता तक्रार ऐका. संगणकावरून आर-३ला पिंग केलं की उत्तर येतं. आर-२वरून केलं तरी येतं. आर-१वरून केलं की पाच टिंबं.

इथे थांबा. संगणकाचं प्रत्येक पॅकेट आर-१मधूनच पुढे जातं. आर-१ दुसऱ्याचं पॅकेट आर-३पर्यंत पोचवतो, उत्तर परत आणून देतो, आणि त्याला स्वतःला काही विचारायचं असलं की त्याला उत्तर मिळत नाही. हे विचित्र वाटतं ना? वाटू द्या. हे विचित्रपण लगेच झटकून टाकू नका, कारण दोष शोधताना सर्वांत मोलाची वस्तू हीच असते. तार तुटली असती तर संगणकही अडकला असता. आर-३ बंद असता तर आर-२लाही उत्तर मिळालं नसतं. म्हणजे तार ठीक आहे, तिन्ही यंत्रं ठीक आहेत, पुढे जाण्याचा रस्ताही ठीक आहे. मग उरलं काय?

ते शोधण्याआधी पिंग म्हणजे काय हे एकदा नीट मनात धरू. १९८१च्या सप्टेंबरमध्ये जॉन पोस्टेल यांनी आयसीएमपीचा नियम लिहिला. त्यात एक साधी देवाणघेवाण होती: एकाने ‘एको विनंती’ पाठवायची, दुसऱ्याने तोच मजकूर जसाच्या तसा ‘एको उत्तर’ म्हणून परत करायचा. डेव्हिड मिल्स हे संशोधक ही विनंती रस्त्यावर लागणारा वेळ मोजण्यासाठी वापरत, आणि १९८३मध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत त्यांनी त्याबद्दल सांगितलं होतं. ते माइक म्यूस यांच्या लक्षात राहिलं. म्यूस अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्यांनी एका रात्रीत पिंग लिहिलं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज त्यांच्या मनात होता, नाव त्यावरूनच पडलं. प्रोग्रॅम तयार झाला, पण त्याला लागणारी सोय युनिक्सच्या गाभ्यात नव्हती. ती त्यांनी त्याच रात्री लिहिली. आणि त्यांचं पहिलं पिंग सुटायच्या आत त्यांच्या एका सहकाऱ्याने हार्डवेअरमधला तो बिघाड शोधून दुरुस्तही केला होता.

ज्या बिघाडासाठी पिंग जन्माला आलं तो बिघाड पिंगने कधी पाहिलाच नाही. मला ही हकीकत फार आवडते. पिंगकडून आपण काय अपेक्षा ठेवायची याची मर्यादा तिच्यात आपसूक दिसते. पिंग कारण सांगत नाही. ते फक्त एक गोष्ट सांगतं: हाक गेली आणि प्रतिसाद माझ्यापर्यंत परत आला. यात दोन प्रवास आहेत. उद्गारचिन्ह दिसलं तर दोन्ही प्रवास पुरे झाले. टिंब दिसलं तर दोहोंपैकी एक कुठेतरी संपला, आणि कोणता संपला हे टिंब सांगत नाही.

मनातल्या मनात टिंबाचं वाचन बदलून बघा. ‘पोचलं नाही’ असं न वाचता ‘उत्तर आलं नाही’ असं वाचा. दोन-तीनदा वाचा. फरक छोटा आहे, पण ‘पोचलं नाही’ म्हणताच नजर पुढच्या रस्त्यावर खिळते आणि निम्मा प्रवास नजरेआड होतो. मी पाहिलेल्या अशा बहुसंख्य तक्रारींत दोष त्या नजरेआड गेलेल्या अर्ध्या भागातच निघाला आहे.

टिंबाशेजारी आणखी एक खूण ठेवून बघू: इंग्रजी यू हे अक्षर. पिंगच्या ओळीत यू आलं तर वाटेतल्या कुणीतरी बोलून दाखवलं आहे की इथून पुढे जाता येत नाही. तो नकार असला तरी संवाद आहे. नकार देणाऱ्याचा पत्ता सापडतो आणि काम सोपं होतं. टिंबात कुणीही बोललेलं नाही. आणि पहिलं टिंब, मग चार उद्गारचिन्हं असं दिसलं तर निश्चिंत राहा. शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता एआरपीने विचारून घेईपर्यंत पहिल्या पॅकेटचा बळी जातो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्यासमोर मात्र पाच टिंबं आहेत. आता आर-१मध्ये शिरू.

आर-१ होऊन बसा. तुम्हाला तेवढंच ठाऊक आहे जेवढं तुमच्या रूटिंग टेबलात आहे. डावीकडे १९२.१६८.१०.० जोडलेलं आहे, उजवीकडे १०.१.१२.०, आणि बाकी साऱ्या जगासाठी एकच ओळ: आर-२कडे पाठव. नॅट नावाचं काही असतं हे तुम्हाला माहीत नाही. आर-२ पुढे काय करतो हेही नाही. तुम्हाला आज्ञा आली, २०३.०.११३.१ला पिंग कर. कुठे जायचं ते ठरलं. पण पॅकेटच्या मथळ्यात दोन पत्ते लिहावे लागतात, जिथे जायचं तो आणि जिथून निघालं तो. तुम्ही राउटर आहात, तुमच्याकडे एकाहून अधिक पत्ते आहेत. स्वतःचा म्हणून कोणता लिहाल?

इथे जरा जास्त वेळ बसा, कारण हा प्रश्न संगणकाला सहसा पडत नाही. त्याच्याकडे बहुधा एकच पत्ता असतो. राउटरला मात्र प्रत्येक वेळी निवड करावी लागते, आणि कुणी वेगळं सांगितलं नाही तर तो ज्या इंटरफेसमधून पॅकेट बाहेर पडणार त्याचा पत्ता लिहितो. आर-१ने लिहिला १०.१.१२.१. पिंगची आज्ञा देणाऱ्याने फक्त मुक्काम सांगितला होता. निघण्याचा पत्ता राउटरने मुकाट्याने भरला.

पॅकेट आर-२कडे निघालं. त्याच्याबरोबर चला, पण एक ध्यानात ठेवा: वाटेतला कोणताही राउटर नेहमीच्या कामात फक्त मुक्कामाचा पत्ता बघतो. निघण्याच्या पत्त्याकडे जाताना कुणी पाहत नाही. तो चुकीचा असला, परक्या जागी अर्थहीन असला, तरी पॅकेट पुढे जातच राहतं. त्या पत्त्याची कसोटी लागते ती उत्तर लिहायची वेळ आल्यावर.

आता आर-२ व्हा. तुमच्या एका इंटरफेसवर ‘आत’ अशी खूण आहे, दुसऱ्यावर ‘बाहेर’. पॅकेट आतल्या बाजूने आलं. तुम्ही आधी रस्ता बघता: २०३.०.११३.१, बाहेरच्या बाजूला. आतून बाहेर जाताना रूटिंग आधी आणि पत्ता बदलणं नंतर, हा क्रम सिस्कोने ठरवून दिला आहे. बाहेरून आत येताना तो उलटतो, आधी पत्ता बदलायचा आणि मग रस्ता बघायचा. क्रम घोकून ठेवण्यापेक्षा त्यामागची गरज बघितली तर तो विसरत नाही. बाहेरून आलेल्या उत्तरावर मुक्काम म्हणून तुमचाच पत्ता असतो. तो आतल्या खऱ्या पत्त्यात बदलल्याशिवाय रस्ता बघून उपयोग काय? आणि आतून निघालेलं पॅकेट बाहेरच्या इंटरफेसकडे जाणार आहे की नाही हे रस्ता बघितल्याशिवाय कळणार कसं? यातूनच आणखी एक गोष्ट निघते. आर-२कडे पुढचा रस्ताच नसेल तर पत्ता बदलण्याची वेळच येत नाही आणि नॅटचा तक्ता रिकामा दिसतो. अशा वेळी लोक नॅटच्या ओळी तपासत बसतात, आणि दोष असतो एका गहाळ डिफॉल्ट रूटमध्ये.

संगणकाचं पॅकेट इथे येतं तेव्हा काय होतं ते आधी बघू. निघण्याचा पत्ता १९२.१६८.१०.२५. आर-२ त्याच्या ॲक्सेस लिस्टमध्ये बघतो. तिथे एकच ओळ आहे: १९२.१६८.१०.०, वाइल्डकार्ड ०.०.०.२५५. जुळलं. आर-२ निघण्याचा पत्ता खोडून आपला २०३.०.११३.२ लिहितो आणि या बदलाची नोंद करतो. सरकारी कार्यालयात बारनिशीत जावक पत्राला क्रमांक पडतो आणि महिन्याने उत्तर आलं की त्या क्रमांकावरून ते कोणत्या टेबलाचं हे कळतं. ही नोंद त्याच कामाची. टीसीपी आणि यूडीपीच्या बाबतीत पोर्टचा आकडा या क्रमांकाचं काम करतो. आयसीएमपीला पोर्ट नसतात. मग पिंगच्या मथळ्यात जो ओळखक्रमांक असतो तोच आर-२ वापरतो. समजा तो ७ आहे. नोंद झाली: बाहेरून २०३.०.११३.२ क्रमांक ७ म्हणजे आत १९२.१६८.१०.२५ क्रमांक ७. आतल्या दोन यंत्रांनी नेमका तोच क्रमांक घेतला तर आर-२ एकाचा बदलून टाकतो. अशा शेकडो संगणकांना एका पत्त्याआड बसवण्याच्या या रीतीला आज्ञेत ओव्हरलोड म्हणतात.

पिंगची ही नोंद सिस्कोवर सहसा एक मिनिट टिकते, टीसीपीची चोवीस तास. म्हणून पिंग करून, चहा घेऊन मग तक्ता बघायला गेलात तर तो रिकामा सापडेल आणि तुम्ही नाहक नॅटला दोष द्याल. पिंग चालू असतानाच दुसऱ्या खिडकीत तक्ता बघा.

आता आर-१चं पॅकेट. निघण्याचा पत्ता १०.१.१२.१. यादीत आहे का? नाही.

इथे पुन्हा थांबू, आणि या मननात सर्वांत जास्त वेळ इथेच थांबू. यादीत नसलेल्या पॅकेटचं आर-२ काय करतो? विद्यार्थ्यांना विचारलं तर बहुतेक म्हणतात, टाकून देतो. ॲक्सेस लिस्ट म्हणजे दारावरची अडवणूक हे मनात पक्कं बसलेलं असतं, आणि यादीच्या शेवटी न लिहिलेला ‘बाकी सर्वांना नकार’ असतो हेही शिकवलेलं असतं. पण ही यादी दारावर लावलेली नाही. ती नॅटच्या हाती दिलेली आहे, आणि तिच्यातला नकार इतकंच म्हणतो की याचा पत्ता बदलू नको. जाऊ देऊ नको असं ती म्हणत नाही. म्हणून आर-२ काय करतो? काहीच करत नाही. पॅकेट आहे तसं, १०.१.१२.१ हा खाजगी पत्ता अंगावर घेऊन, सीमा ओलांडून बाहेर जातं. कुठे चूक म्हणून नोंद होत नाही, इशारा उमटत नाही, नॅटच्या तक्त्यात ओळ येत नाही. नियमाप्रमाणे सारं सुरळीत चाललेलं असतं.

हे मनात नीट उतरू द्या. यादी एकच, पण ती कुणाच्या हाती आहे त्यावर तिच्या नकाराचा अर्थ ठरतो. हे एकदा दिसलं की नॅटच्या निम्म्या कोड्यांची उकल आपोआप होऊ लागते.

आता आर-३मध्ये या. बाहेरच्या माणसाची नजर घ्या. आतल्या घरात काय आहे याची तुम्हाला काडीची माहिती नाही, आणि ती नसावी अशीच रचना आहे. तुम्हाला फक्त २०३.०.११३.०ची जोडणी ठाऊक आहे आणि सर्व्हर असलेलं १९८.५१.१००.०. तुमच्यापुढे एक एको विनंती आली. म्हणजे आर-१ची हाक पोचली! पाचही वेळा पोचली. तुम्ही इमानाने मजकूर उचलला, उत्तर तयार केलं, मुक्काम म्हणून विनंतीवरचा निघण्याचा पत्ता लिहिला, १०.१.१२.१, आणि टेबलात रस्ता शोधू लागलात. रस्ता नाही. आर-३वर डीबग चालू असेल तर ‘अनरूटेबल’ असा शब्द तिथे दिसतो. उत्तर जन्मल्या जागीच संपलं. ते आर-३चं स्वतःचंच पॅकेट होतं, त्यामुळे आर-१ला कुणी कळवायचा प्रश्नच नाही. आर-१कडे टिंब पडलं.

आर-३चा यात दोष शोधू नका. १०.१.१२.१ या पत्त्याचा रस्ता त्याला माहीत असणं शक्यच नाही. १०.०.०.०, १७२.१६.०.० आणि १९२.१६८.०.० पासूनचे तीन खाजगी गट १९९६च्या फेब्रुवारीत नियमाने ठरले, कुणीही परवानगी न घेता आपापल्या घरात वापरावेत म्हणून. आज या घडीला जगात असंख्य यंत्रं १०.१.१२.१ या नावाने बसलेली असतील. आर-३ने त्यांतलं कोणतं निवडावं?

थोडं मागे जाऊन बघू. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच हे संपणार हे दिसू लागलं. १९९४च्या मे महिन्यात केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅटचा प्रस्ताव मांडला आणि त्यातच लिहून ठेवलं की याच्या काही अवगुणांमुळे हा दूरचा उपाय म्हणून योग्य नाही. तात्पुरती सोय होती ती. २०११च्या ३ फेब्रुवारीला जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटून झाले, एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकची नोंदणीसंस्था आपल्या शेवटच्या राखीव गटावर आली, आणि तात्पुरती सोय घराघरांत कायमची मुक्कामाला राहिली. सेवादात्यांच्या स्तरावरच्या नॅटसाठी २०१२मध्ये १००.६४.०.० पासूनचा आणखी एक गट राखला गेला. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल तर तुमचं पॅकेट एकदा घरात आणि पुन्हा एकदा सेवादात्याकडे नाव बदलतं. बाहेरून तुमचा म्हणून दिसणाऱ्या पत्त्याला कुणी पिंग केलं आणि उत्तर आलं, तर ते उत्तर तुमच्या घरातून आलेलं नसतं.

पडद्याकडे परत येऊ. आता हात उचलायला हरकत नाही. पण बदल करायचा नाही, फक्त विचारायचं आहे.

आर-१वरून पुन्हा पिंग करा, या वेळी निघण्याचा पत्ता स्वतः सांगून: मुक्काम २०३.०.११३.१, सोर्स १९२.१६८.१०.१. हा आर-१चाच लॅनकडचा पत्ता आहे. पाच उद्गारचिन्हं येतात. तेच यंत्र, तीच तार, तोच मुक्काम. बदलला तो फक्त परतीचा पत्ता. आता सोर्स न देता २०३.०.११३.२ला, म्हणजे आर-२च्या बाहेरच्या बाजूला पिंग करा. तेही यशस्वी होतं, कारण १०.१.१२.१ कुठे आहे हे आर-२ला ठाऊक आहे. पुढचाच पत्ता, २०३.०.११३.१, विचारला की पुन्हा टिंबं. एका आकड्याचं अंतर, आणि त्या दोन आकड्यांच्या मधोमध ती जागा आहे जिथे पत्ता बदलायला हवा होता. मला या कामात सर्वांत समाधान इथे मिळतं. काहीही न मोडता, एकही ओळ न बदलता, तीन प्रश्नांत दोषाची जागा दोन यंत्रांच्या मधे पकडता येते.

हाच सराव इतर कोड्यांतही उपयोगी पडतो. वाइल्डकार्डच्या जागी चुकून सबनेट मास्क, २५५.२५५.२५५.०, लिहिलेला असतो. मग शेवटचा आकडा शून्य असलेलेच पत्ते यादीत जुळतात आणि तसा संगणक सहसा नसतो. एखाद्या इंटरफेसवर ‘आत’ किंवा ‘बाहेर’ची खूण राहून गेलेली असते. नॅटसाठी निराळा पत्त्यांचा गट घेतलेला असतो आणि त्या गटाचा रस्ता सेवादात्याच्या राउटरवर नसतो. तिथेही पॅकेट पत्ता बदलून नीट बाहेर जातं आणि उत्तर वाट चुकतं. समोरच्या विंडोजच्या फायरवॉलने एको विनंती गिळून टाकली असेल तर टिंब तसंच दिसतं, पण त्याच यंत्राचं वेबपान उघडतं.

दोन शाखांमधल्या व्हीपीएनची गोष्ट मात्र थोडी सावकाश बघण्यासारखी आहे. पुण्याच्या शाखेतून नागपूरच्या शाखेला पिंग करायचं आहे, मधे आयपीसेकचा बोगदा आहे, आणि त्याच राउटरवर इंटरनेटसाठी नॅटही आहे. बोगद्यात काय घालायचं हे राउटर दोन्ही खाजगी पत्ते पाहून ठरवतो. पण नॅटची पाळी त्याच्या आधी येते. पत्ता तिथेच बदलला गेला की पुढे बोगद्याच्या यादीशी जुळायला काही उरत नाही, आणि पॅकेट उघड्या रस्त्याने निघून जातं. उपाय असा की नॅटच्या यादीत वरतीच लिहायचं: पुण्याहून नागपूरला जाणाऱ्याला नकार. मघाशी आपण ज्या नकारापाशी इतका वेळ बसलो तोच हा नकार. मघाशी तो बाधला, इथे तोच हवा आहे, कारण या पॅकेटला आपला पत्ता न बदलता पलीकडे जायचं आहे.

असं काही सापडलं की घाईने सारा नॅटचा तक्ता पुसण्याची आज्ञा देऊ नका. त्या तक्त्यात साऱ्या कार्यालयाच्या चालू संवादांच्या नोंदी असतात. कुणाचा व्हिडिओ कॉल, कुणाचा बँकेचा व्यवहार. चालत्या नेटवर्कवर ते पुसणं म्हणजे आपल्या एका प्रश्नासाठी इतर सर्वांची उत्तरं अडवणं. मला ते कधीच पटलेलं नाही. एकेक नोंद निवडून काढता येते, ती काढावी.

आता आर-१च्या दुरुस्तीबद्दल. सेवादात्याला फोन करून आर-३वर १०.१.१२.०चा रस्ता घालायला सांगावं असं काहींना वाटतं. तो मागू नये. खाजगी पत्ते सीमेबाहेर नेणं हेच मुळात चूक. दुसरा विचार असा येतो की वापरणाऱ्यांचे संगणक तर चालतात, मग आर-१ला बाहेरचं उत्तर मिळालं नाही तर काय बिघडलं? हा प्रश्न टाळू नका. आर-१च्या नोंदवहीत, लॉगमध्ये बघा. प्रत्येक ओळीच्या आरंभी वेळ आहे आणि वेळेच्या आधी एक चांदणी, म्हणजे ही वेळ भरवशाची नाही अशी राउटरची स्वतःची कबुली. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेले सिस्कोचे कित्येक जुने राउटर चालू झाले की १ मार्चपासून वेळ मोजू लागतात. आर-१च्या लॉगमध्ये तेच चाललं आहे. कुणीतरी त्याला १९८.५१.१००.१०वरून वेळ घ्यायला सांगून ठेवलं होतं, आणि त्या विनंत्याही १०.१.१२.१ याच पत्त्यावरून निघत होत्या. सर्व्हरकडे पोचत होत्या, उत्तरं परत येत नव्हती. कुणी पिंग केलं नसतं तर हे कळलंही नसतं, आणि एखाद्या रात्री काही बिघडलं असतं तर आर-१च्या नोंदी मार्च महिन्यातल्या निघाल्या असत्या. वेळ जुळवण्याचा हा प्रोटोकॉल, एनटीपी, डेव्हिड मिल्स यांनीच घडवला. ज्यांच्या मोजणीतून म्यूस यांना पिंग सुचलं तेच मिल्स.

म्हणून मी आर-२च्या यादीत एक ओळ वाढवतो: फक्त १०.१.१२.१, एकटा होस्ट. सगळ्यांना मोकळीक देणारी ‘एनी’ची ओळ नाही, कारण तिने पुढे व्हीपीएन जोडताना तोच गोंधळ पुन्हा उभा राहील. आर-१च्या एनटीपीला लॅनकडचा पत्ता सोर्स म्हणून देऊनही काम भागलं असतं. पण उद्या डीएनएससाठी, परवा सॉफ्टवेअर उतरवण्यासाठी हीच आठवण पुन्हा ठेवावी लागली असती. ओळ घातल्यावर आर-१वरून साधं पिंग करा, सोर्स न देता, आणि त्याच वेळी आर-२वर तक्ता बघा. १०.१.१२.१ची नोंद दिसायला हवी. दिसली की कुठे डीबग चालू केलं असेल तर ते बंद करा, आणि बदललेली ओळ तारखेसह जिथे लिहून ठेवायची तिथे लिहा.

घड्याळ मात्र लगेच जुळत नाही. आर-१वर एनटीपीच्या जोडण्यांचा तक्ता उघडा आणि ‘रीच’च्या रकान्यावर नजर ठेवा. सुरुवातीला दर ६४ सेकंदांनी एक विचारणा होते आणि उत्तर परत आलं की आकडा वाढतो: १, ३, ७, १७, ३७. हे आठाच्या पायावर लिहिलेले, अष्टमान आकडे आहेत. शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं की तिथे ३७७ दिसतं. त्याला आठेक मिनिटं लागतात. तोवर आर-१ला हात लावू नका.